डिंपलचा पहारा

आमच्या युवा मंडळात प्रार्थना सुरू झाली की एक माणूस डोळे मिटत नाही. बाकी सगळे मिटतात. त्या एकाने मुलांकडे बघत उभं राहायचं, कोण उठलं, कोण कुठे निघालं यावर नजर ठेवायची आणि 'आमेन' होईपर्यंत जागचं हलायचं नाही. याला आम्ही पहारा म्हणतो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या सहलीत पास्टरांची प्रार्थना लांबली, आणि डोळे उघडून बघतो तो संडेस्कूलचं एक लेकरू कमरेइतक्या पाण्यात उभं. कपडे धुणाऱ्या एका बाईने त्याला ओढून काढलं आणि आम्हाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून हा नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे.

मी सरिता. तुमसरला एका शाळेत शिकवते आणि आमच्या छोट्या चर्चचं युवा मंडळ सांभाळते. सुरुवातीला सांभाळणारे आम्ही सहा-सात जण होतो, पहाऱ्याची पाळी क्वचित यायची. मग एकाला बुटीबोरीत नोकरी लागली. एकीचं लग्न होऊन ती गोंदियाला गेली. एक जण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात गडप झाला, आणि एकाने तर कारणही दिलं नाही, नुसतं येणं बंद केलं. दर थोड्या दिवसांनी पास्टर लिलाधर उपासनेच्या शेवटी विचारायचे की या कामाला कोण पुढे येतंय. सगळी मंडळी आपापल्या पायांच्या नखांकडे बघत बसायची. मला असा संताप यायचा की एकेकाला नाव घेऊन उभं करावं. मग मागच्या बाकावरून डिंपलचा हात वर यायचा आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा, माझासुद्धा.

डिंपल चोविशीची असेल. बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. आई करोनात गेली, भाऊ पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, आणि ही राइस मिलच्या मागे खोली करून एकटी राहते. आई गेली तेव्हा चर्चमध्ये मीच म्हटलं होतं की पोरीला कामात गुंतवा, मन रमेल. आम्ही तिला गुंतवलं ते असं की संडेस्कूल तिच्याकडे, गाण्यांचा सराव तिच्याकडे, नाताळचं नाटक, चांदण्या कापणं, खुर्च्या मांडणं, सगळं तिच्याकडे. आणि पहारा तर कायमचा तिचाच. यंदा दिवाळीच्या आसपास ती रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली की ताई, आजकाल लई थकल्यासारखं होते. मी तिथेच तिच्या डोक्यावर हात ठेवून देवाकडे तिच्यासाठी बळ मागितलं. मागून झाल्यावर नाटकाचे संवाद तिच्या हातात दिले आणि म्हटलं, शनिवारपर्यंत टाइप करून ठेव.

नाताळाच्या आधी आम्ही मुलांना सहलीला नेतो. यंदा आंबागडला गेलो. सकाळी किल्ला चढायचा, दुपारी खालच्या तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पायथ्याशी मोहाच्या झाडांखाली स्वयंपाक करून जेवायचं, आणि ऊन उतरायच्या आत परत. सोबत पंचवीस-तीस मुलं आणि मोठी माणसं म्हणाल तर पास्टर, मी आणि डिंपल. दोन गाड्यांचे ड्रायव्हर होते, पण ते जेवायच्या वेळेला उगवणारे.

मुलांमध्ये खुशबू होती. ती आमच्या चर्चची नाही. बौद्ध वस्तीतली, आमच्या एका मुलीची वर्गमैत्रीण, यंदा आठवीत असलेली. परवानगी मागायला मी स्वतः तिच्या घरी गेले होते. तिची आई विमलाबाई मिलमध्ये कामाला जाते. तिने मला नखशिखांत न्याहाळलं, चहा पाजला, आणि मग बोलली.

"तुमच्या भरोशावर पाठवून राहिली, सरिताताई. गाणे म्हणायले लावा, काहीबी करा, मले काही म्हणणं नाही. पोरगी जशी नेली तशी आणून द्या."

मी म्हटलं, हे काय सांगायचं झालं का.

किल्ला चढून उतरून सगळे भुकेने कासावीस झाले होते. मसालेभात शिजला, पानं मांडली, मुलं ओळीने बसली आणि पास्टर प्रार्थनेला उभे राहिले. पास्टर लिलाधर भला माणूस आहे, पण जेवणाआधी ते जगातल्या सगळ्या उपाशी लोकांना, मग सगळ्या आजाऱ्यांना, मग सगळ्या सरकारी अधिकाऱ्यांना आठवतात आणि तेवढ्यात भात थंड होतो. मी डोळे मिटले. डिंपल नेहमीसारखी मागे, मोहाच्या झाडापाशी उभी होती.

आमेन झालं. मी सवयीने झाडाकडे पाहिलं, तर तिथे डिंपल नव्हती.

खरं सांगते, आधी मला रागच आला. आता वाढायचं कोणी, पाणी कोण देणार, हे पहिलं मनात आलं. तणतणत मी स्वतः भाताचं पातेलं उचललं आणि वाढत सुटले. ओळीच्या शेवटी एक पान रिकामं दिसलं. खुशबूचं. तिची मैत्रीण म्हणाली, आता तर माझ्या बाजूलाच बसली होती. मला उलट हायसं वाटलं. पोरीला झाडीत जायचं असेल, डिंपल सोबत गेली असेल, येतील. मी दोघींसाठी भात झाकून ठेवला.

मुलांचं निम्मं जेवण झालं तरी त्या आल्या नाहीत. मी डिंपलला फोन लावला. फोन आमच्यातच वाजला, झाडाच्या फांदीला अडकवलेल्या तिच्या पिशवीत. डिंपल फोन कधी सोडत नाही. मी केव्हाही लावला तरी ती दुसऱ्या रिंगला उचलते.

मी कोणाला काही न बोलता उठले आणि झाडीच्या बाजूला जाऊन हाका मारल्या. मग पाळीवर चढले. तलाव काठोकाठ भरलेला, एका बाजूला शिंगाड्याचा वेल पसरलेला, बाकी पाणी स्वच्छ आणि स्तब्ध. पाळीच्या उतारावर, जिथे पाणी लागतं तिथेच, डिंपलच्या चपला होत्या. इकडेतिकडे पडलेल्या नव्हत्या. घरात शिरताना आपण दाराशी काढून ठेवतो तशा, जोडीने, नीट लावलेल्या.

मी खाली बसले आणि त्या चपलांना हात लावायची माझी हिंमत होईना. ती थकलीय हे ती मला बोलली होती. मला एवढंच ऐकू येत होतं, लई थकल्यासारखं होते. आणि खुशबू? खुशबूच्या चपला कुठेच नव्हत्या. ती हिच्या मागे गेली असेल का, हिला धरायला गेली असेल का, चपला घालूनच? विमलाबाईचा चेहरा माझ्यासमोर आला.

पास्टर मागून आले. त्यांनी चपला पाहिल्या. मी हाक मारायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा दंड धरला. हलक्या आवाजात म्हणाले की आरडाओरडा नको, ताई. गावातली माणसं धावून येतील, आणि त्यांचा पहिला प्रश्न डिंपलचा नसेल. दुसऱ्या समाजाची लहान पोरगी तुमच्या सोबत काय करत होती, तिला इथे कशाला आणली, धर्म बदलायला का, हा असेल. आधी आपण दोघं गुपचूप शोधू. मुलांना कळू देऊ नका, त्यांना गाणी म्हणायला लावतो.

त्यांचा राग येऊ द्यायला मला वेळ नव्हता, आणि ते खोटंही बोलत नव्हते. मागे एकदा दुसऱ्या एका गावात आमची गाडी अडवून माणसांनी असेच प्रश्न विचारले होते. मुलं गाडीत रडत होती आणि पास्टर हात जोडून उभे होते. तेव्हापासून आम्ही कुठेही गेलो तरी आवाज खाली ठेवूनच बोलतो. भीती अंगात अशी मुरली की माणूस बुडत असला तरी आम्ही कुजबुजत शोधणार. मीही मान डोलावली.

मुलांनी नाताळची गाणी सुरू केली. ढोलकी वाजू लागली. ती गाणी डिंपलने शिकवलेली, टाळ्या कुठे द्यायच्या ते सुद्धा तिचंच. त्या टाळ्या ऐकत मी पाळीवरून पळत होते, थांबत होते, पाण्यात बघत होते. वेलाच्या पानांखाली काही हललं की वाकून बघत होते. एका जागी पाण्यावर गुलाबी काहीतरी तरंगताना दिसलं आणि मी जवळजवळ ओरडलेच, जवळ जाऊन पाहिलं तर प्लास्टिकची पिशवी होती. डिंपलने आज कोणत्या रंगाचा ड्रेस घातला होता ते मला आठवेना. सकाळपासून मी तिला पन्नास कामं सांगितली होती आणि तिच्या अंगावर काय होतं ते मी पाहिलंच नव्हतं.

तिथे माझं डोकं ठिकाणावर आलं म्हणा किंवा गेलं म्हणा. तलावाच्या मध्यावर एक माणूस डोंग्यात बसून जाळं काढत होता. मी पाळीवर उभी राहून घसा फुटेस्तोवर त्याला हाका मारल्या. मागची गाणी बंद पडली. पास्टर माझ्याकडे धावत आले, पण मग तेही माझ्या शेजारी उभे राहून हात हलवायला लागले.

डोंगा काठाला आला. सुखराम नाव त्याचं, ते मला नंतर कळलं. गावातलाच मासेमारी करणारा, पिकल्या केसांचा. मी सांगितलं की दोन पोरी दिसत नाहीत, आणि चपलांकडे बोट दाखवलं.

"पाण्यात गेल्या का जी?"

"मले माहीत नाही."

मी कोण, पोरी कोणाच्या, आम्ही इथे काय करतो, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. त्याने तोंडात बोटं घालून शीळ घातली, पलीकडच्या काठावरून आणखी एक डोंगा निघाला. सुखराम चपलांसमोरच्या पाण्यात लांब बांबू घालून चाचपायला लागला. बांबू खाली जायचा, थांबायचा, वर यायचा. देवाला काय म्हणावं ते मला सुचत नव्हतं. एवढी वर्षं मी दुसऱ्यांसाठी मोठमोठ्याने प्रार्थना करत आले आणि त्या घडीला माझ्या तोंडातून फक्त तिचं नाव निघत होतं.

मग दुसऱ्या डोंग्यातला माणूस दूरवरून ओरडला. सुखरामने कान दिला आणि बांबू आडवा ठेवला.

"बाई, तिकडं तलावाच्या दरवाज्यापाशी दोघी बसून हायेत म्हणते. बसून हायेत."

बसून हायेत, हे त्याने दोनदा का सांगितलं ते मला लगेच कळलं, आणि मी धावले. पाळ वळते तिथे बेशरमाची दाट झुडपं आहेत, त्यांच्यामागे पाणी सोडायच्या दरवाज्याची दगडी पायरी आहे. तिथे त्या दोघी होत्या. डिंपल कमरेपर्यंत ओली, डिसेंबरच्या गार वाऱ्यात कुडकुडत होती. खुशबूची सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती, चपला पायातच होत्या. तिने डिंपलचा हात आपल्या दोन्ही हातांनी गच्च धरला होता. डिंपलने माझ्याकडे पाहिलं आणि आधी तिच्या चेहऱ्यावर घबराट आली.

"तुम्ही इकडं आल्या, ताई? मंग पोरांजवळ कोण हाय?"

मी तिच्या शेजारी बसकण मारली आणि माझी शाल तिला गुंडाळली. मग खुशबू बोलायला लागली. ती हळू आवाजात बोलत होती, पण तिचे ओठ थरथरत नव्हते.

"सगळ्यायनं डोळे मिटले. मले मिट म्हणून कोणी सांगतलं नाही, म्हणून मी पाहून राहिली होती. ताई रडत रडत चालल्या गेल्या. मले वाटलं कोणाले तरी सांगावं, पण सगळ्यायचे डोळे बंद. मंग मीच गेली मागं." तिने डिंपलकडे पाहिलं. "ताई इथून तिथून पाण्यात चालत गेल्या, थांबतच नव्हत्या. मी काठानं काठानं आली. मंग मी म्हटलं, ताई, मले पोहता येत नाही, पण तुम्ही जाता तं मी बी येतो. दोन पावलं मी आत गेली. तवा ताई म्हणल्या, येऊ नको. मी म्हटलं, मंग तुम्ही या. मंग आल्या."

मी डिंपलला विचारलं, पाण्यात काय करत होतीस. तिने शाल अंगाभोवती आवळली.

"मले नाही माहीत, ताई. पायाले थंडं लागलं, बरं वाटलं. मंग पुढं गेली. वाटलं, आमेन होईपर्यंत कोणाले दिसणार नाही."

जे आजपर्यंत करत आले ते मी या वेळी केलं नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

आम्ही परत आलो. मुलांना सांगितलं की दोघी कमळं बघायला गेल्या होत्या, आणि मुलांनी ते मानलं. पास्टर तर रडलेच. डोळे पुसून म्हणाले की सगळे जमा व्हा, देवाचे आभार मानू. मी म्हटलं, आधी ती जेवेल, मग बघू. सगळ्यांसमोर असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. ते मान खाली घालून झाकलेला भात घेऊन आले आणि डिंपलसमोर त्यांनीच ठेवला. तिने दोन घास खाल्ले. सुखराम काठावर डोंगा बांधत होता. त्याला जेवायला बोलावलं तर म्हणाला, पोरी भेटल्या ना जी, पुरे झालं, आणि जाळ्याकडे वळला.

परतीच्या वाटेवर डिंपल खुशबूच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी समोरच्या सीटवरून वळून वळून बघत होते, तिचा श्वास चालतोय ना. तुमसर आलं. एकेका मुलाला उतरवत गाडी मिलच्या कोपऱ्यावर थांबली, आम्ही डिंपलला नेहमी तिथेच सोडतो. ती पिशवी घेऊन उतरली. खिडकीशी येऊन म्हणाली, उद्या सरावाले येतो. मी म्हटलं, उद्या येऊ नको, आणि नाताळापर्यंत काहीच करू नको, आराम कर.

ती तिथेच उभी राहिली. "तुम्ही माह्यावर नाराज आहा का, ताई?"

मी म्हटलं, नाही गं, वेडी आहेस का. मागून ट्रक भोंगा वाजवत होता, ड्रायव्हरने गाडी काढली. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी शहाणपणाचं केलं.

गाडी आम्हा दोघींना वस्तीपाशी उतरवून गेली. आता विमलाबाई उरल्या होत्या. खुशबूला घेऊन त्यांच्या दाराकडे जाताना माझ्या मनात दोन्ही होतं. काही न सांगता पोरगी द्यावी आणि निघावं, पाय घसरून ओली झाली म्हणावं. पास्टरांनी गाडीत तेच सुचवलं होतं. ही गोष्ट वस्तीत फुटली तर काय काय होईल ते सगळं मला दिसत होतं. पण खुशबू माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि जिने दिवसभर डोळे उघडे ठेवले तिच्यासमोर खोटं बोलायला मला लाज वाटली.

विमलाबाई दारात आल्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चपलांपासून खुशबू पाण्यात दोन पावलं गेली तिथपर्यंत. त्यांनी खाली वाकून पोरीची सलवार हाताने चाचपून पाहिली, अजून ओलसर होती. तिला आत जाऊन कपडे बदलायला सांगितलं. मी शिव्या खायच्या तयारीने उभी होते. त्या ओरडल्या असत्या, चार लोक जमवले असते, तरी मी मान वर केली नसती.

"ते पोरगी आता कोणाजवळ हाय?" विमलाबाईंनी विचारलं.

मला कळलंच नाही. मी म्हटलं, कोण, डिंपल? तिला घरी सोडलं.

"घरी कोण हाय?"

कोणी नाही, हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले आणि मी तिथल्या तिथे गार झाले. विमलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आत वळून खुशबूला कडी लावून जेवायला बसायला सांगितलं, पायात चपला सरकवल्या आणि माझ्या पुढे चालू लागल्या.

तलावावर मी घाबरले होते, पण त्या रस्त्यावर जी भीती वाटली तिची जात वेगळी होती. तिथे मला काहीच माहीत नव्हतं. इथे सगळं माहीत होतं. पाण्यातून नुकती परत आलेली पोरगी मी ओल्या कपड्यांत एका रिकाम्या खोलीपाशी उतरवली होती, वर तिचं सगळं काम काढून घेतलं होतं, आणि तिने नाराज आहा का म्हणून विचारलं तेव्हा माझी गाडी निघाली होती. दिवेलागण झाली होती. मिलच्या बाजूने कोंड्याची धूळ उडत होती, धानाच्या पोत्यांचे ट्रक उभे होते, आम्ही त्यांच्यामधून वाट काढत पळालोच म्हणायला हरकत नाही. विमलाबाईंना दम लागला होता तरी त्या थांबत नव्हत्या.

कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांनी विचारलं, कोणती खोली. आणि मला सांगता येईना. चार वर्षांत मी तिच्या खोलीवर कधी गेलेच नव्हते. कोपऱ्यावर गाडी उभी करून फोन लावायचे, ती धावत बाहेर यायची. विमलाबाईंनी नळावरच्या एका बाईला विचारलं, झेरॉक्सवाली पोरगी कोठं राहते, तिने हाताने गल्लीचं टोक दाखवलं.

सगळ्या खोल्यांमधून उजेड येत होता, टोकाच्या खोलीत नव्हता. मी दार वाजवलं. आतून काही आवाज आला नाही. पुन्हा वाजवलं. मी फोन लावला, तो आत वाजायला लागला, वाजत राहिला, बंद पडला. कोणी उचलला नाही. मी दाराला डोकं टेकलं. विमलाबाईंनी मला बाजूला केलं, तळहाताने दारावर थाप मारली आणि जिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं तिला हाक मारली.

"डिंपल. ए बेटा. दार उघड, मी खुशबूची आई होय."

बराच वेळ काही नाही. मग आत भांडं सरकल्याचा आवाज झाला, आणि कडी निघाली.

ती अंधारात उभी होती, तेच ओले कपडे, माझी शाल अजून अंगावर. जमिनीवर बसली असावी, कपड्यांना माती लागली होती. विमलाबाई तिच्या बाजूने आत गेल्या, भिंतीवर चाचपडून दिवा लावला आणि दोरीवरचे कोरडे कपडे काढायला लागल्या. डिंपलला ती बाई कोण, कशाला आली, काही उमगलं नव्हतं. ती माझ्याकडेच बघत होती. घाईघाईने तिने शालीच्या टोकाने तोंड पुसलं, केस मागे सारले.

"काही काम होतं का, ताई?"

मी नाही म्हटलं. काही काम नाही, आम्ही नुसत्या आलो, तुझ्याजवळ बसायला आलो. तिला ते खरं वाटेना. मी दुसऱ्यांदा सांगितलं तरी ती दारात तशीच उभी राहिली, आणि माझ्या हातात काही कागद आहेत का ते बघत राहिली.